नदीतले मासे कोण मोजणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावर आपल्याकडे येणारी पत्रं मी नेमानं वाचतो. कुणी तोडल्या जाणाऱ्या झाडांबद्दल लिहितं, कुणी पूररेषेबद्दल, कुणी ४४ किलोमीटरच्या काठावर होणाऱ्या पायवाटांच्या बाजूनं. माशाबद्दल मात्र अवाक्षर नसतं. मी भोई समाजातला, राहणार मुंढव्याचा. आजोबा आणि वडील मुळा-मुठेत पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, टाकून जगले. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात आमचा गाळा आहे, तो आता मुलगा बघतो. गिऱ्हाईक ‘नदीचा मासा द्या’ म्हणतं तेव्हा आम्ही जो देतो तो उजनीचा असतो, भिगवणहून पहाटेच्या गाडीनं येतो. घरापासून हाकेच्या अंतरावर नदी आहे, पण तिच्यातला मासा मी विकत नाही आणि कुणी फुकट आणून दिला तरी गाळ्यावर ठेवणार नाही. माझ्यासारख्या माणसानं हे लिहायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कारण जे सांगायचं आहे ते मला एका दुसऱ्याच नदीवर कळलं.

मुलगी आणि जावई अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंडला असतात. त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. जावयांच्या ऑफिसात एक जण आहे, तिथलाच जन्मलेला, उभा जन्म नदीवर घालवलेला. सासरे पिढीजात मासेमार आहेत हे त्याला कळलं आणि त्यानं निरोप धाडला, ‘त्यांना डेशूट्सवर घेऊन या, स्टीलहेडचे दिवस आहेत.’

स्टीलहेड म्हणजे काय ते आधी सांगतो. रेनबो ट्राउट नावाचा मासा काश्मीर-हिमाचलात लोकांनी पाहिला असेल. जात तीच. पण यातले काही मासे नदीत जन्मून, एक-दोन वर्षं तिथंच वाढून, समुद्रात उतरतात. पॅसिफिक महासागरात दोनेक वर्षं खाऊन-पिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत चढतात. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पाण्यावर ओढ्या-ओहोळांतून चढणीचे मासे येतात, ते मावळातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात. हा तिथला चढणीचा मासा, फक्त त्याची चढण शेकडो किलोमीटरची. त्याच समुद्रातून येणारा सामन अंडी घालून मरतो. स्टीलहेड मात्र त्यातून वाचला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा वर येऊ शकतो.

आदल्या दिवशी जावयांनी वाटेतलं बॉनव्हिल धरण दाखवलं. कोलंबिया ही तिथली मोठी नदी, डेशूट्स तिला मिळते. समुद्राकडून येताना या नदीवर पहिलं धरण लागतं ते बॉनव्हिल, १९३८ सालचं. त्याच्या अंगाला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट बांधली आहे. त्या वाटेवर एके ठिकाणी पाण्याखाली काचेची खिडकी आहे आणि खिडकीमागे माणूस बसतो. मासा समोरून गेला की जात ओळखायची आणि नोंद करायची. धरण झालं तेव्हापासून ही मोजणी चालू आहे. काल किती स्टीलहेड चढले आणि किती सामन, हे आज कुणालाही बघायला मिळतं. मी बाजारात वजनकाट्याशी उभा राहून आयुष्य काढलं आहे. पण मारलेला मासा मोजतात एवढंच मला माहीत होतं. जिवंत, चालता मासा मोजायला पगारी माणूस बसवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघालो. कोलंबियाच्या काठाकाठानं पूर्वेला जाताना आधी हिरवे ओले डोंगर लागतात, मग पाऊस अडवणारी रांग मागे पडते आणि सगळा मुलूख पिवळा, कोरडा होतो. मुळशीहून निघून बारामतीकडे गेल्यावर होतो तसाच. उजाडलं तेव्हा मी दरीतले कडे पाहिले आणि जावयांना गाडी थांबवायला सांगितली. काळा दगड, थरावर थर. आपल्या घाटातला. जावई म्हणाले, “बाबा, हाही लाव्ह्याचाच दगड आहे. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा दीडेक कोटींचा.” त्या दगडामुळे मला तिथं परकं वाटलं नाही, हे खरं.

डेशूट्सला झऱ्यांचं पाणी आहे, त्यामुळे ती बाराही महिने जवळजवळ सारखीच वाहते. पात्र रुंद, पाणी हिरवट, धार जोरकस. तिथं होडीत बसून मासा धरायला मनाई आहे. होडीनं हवं तिकडे जा, पण गळ टाकायचा तर उतरून नदीत उभं राहायचं. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तळाला खिळे मारलेले बूट आणि हातात काठी, असा जामानिमा चढवून आम्ही मांड्यांएवढ्या पाण्यात गेलो. पायाखालचे गोटे घसरडे होते आणि पाणी इतकं गार की विजारीतूनही हाडाला लागत होतं.

जावयांच्या त्या मित्रानं माझ्या हातात दिलेली गळाची काठी तेरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची. गळाला आमिष लावायचं नाही. पिसं आणि केस काळ्या-जांभळ्या दोऱ्यानं गुंडाळून केलेली एक खोटी माशी, बस. मासा अडकून राहावा म्हणून गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. आम्ही वापरला त्याचा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला होता. मागे झाडं आणि कडा असल्यामुळे दोरी मागे फेकायला जागा नसते. म्हणून ती पाण्यावरच उचलायची, अंगाजवळ तिचा वेढा तयार करायचा आणि पुढे सोडायची. पहिले काही हात वाया गेले. मग लक्षात आलं की जोर खांद्यात नाही, कमरेत आहे. पागासारखं. वडील पाग टाकताना कमरेतून असे फिरायचे की शिशाच्या मण्यांची किनार पाण्यावर एकदम गोल बसायची. ते आठवलं आणि दोरी सुटायला लागली. मित्र खूश झाला, जावयांना म्हणाला, यांना शिकवायची गरज नाही.

दोरी पलीकडे, जरा खालच्या अंगाला टाकायची. धार तिला ओढत ओढत आपल्या काठाकडे आणते, माशी त्याबरोबर आडवी फिरते. फेरी संपली की दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा टाकायची. अशी अख्खी धार चाळून काढायची. या प्रकारात सकाळभर काही न लागणं हेच नेहमीचं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. नदीत उभं राहण्याची सवय आमच्या रक्तात आहे आणि तसं उभं राहायला मला पुण्यात कित्येक वर्षांत जागा मिळालेली नव्हती. धारेत उभा असताना नाकाला वास येत होता तो ओल्या दगडाचा आणि काठावरच्या कसल्याशा रानटी झुडपाचा. पाण्याला स्वतःचा वास नव्हता. एका जागी ओंजळ भरून मी तोंड धुतलं. मुंढव्याला हे करायची माझी छाती नाही.

सकाळी मासा लागला तो मित्राला. चार-साडेचार किलोचा नर. काठाशी आणल्याबरोबर त्यानं पहिल्यांदा माशाची पाठ पाहिली. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, या माशाला एक लहानसा मांसल पर असतो. अंडी उबवणी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापूनच त्यांना नदीत सोडतात. याचा कापलेला होता, म्हणजे हा केंद्रातला, हा घरी न्यायला मुभा. त्यानं डोक्यावर दांडूचा एकच घाव घालून मासा मारला आणि परवान्यावर लगेच नोंद केली. साफ करायला मी हात पुढे केला. त्याची सुरी चांगली होती. मांस गाजराच्या रंगाचं, चरबी जेमतेम. जठर उघडून पाहिलं तर आत काही नाही. चोळलं तरी बोटाला काही लागेना. नदीत चढायला लागल्यावर हा मासा फारसं खातच नाही. मग माशी का धरतो? मित्र म्हणाला, याचं उत्तर कुणालाच नाही. कुणी म्हणतं रागानं, कुणी म्हणतं लहानपणी नदीत खाल्लेल्या किड्यांची आठवण. गळाला आमिष नाही आणि माशाला भूक नाही, तरी गाठ पडते.

ऊन पाण्यावर आलं की हा मासा दबकतो. म्हणून दुपारी गळ बंद. त्या वेळात त्यानं आम्हाला शेरार्स फॉल्सला नेलं. तिथं नदी काळ्या कातळाच्या चिंचोळ्या फटीतून फेस उडवत खाली पडते. फटीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांचे माचे पाण्यावर काढलेले आहेत, आणि त्यावर वॉर्म स्प्रिंग्जच्या आदिवासी जमातींचे लोक लांब दांड्याची गोल जाळी घेऊन उभे होते. जाळं फेसात खुपसायचं, धरून ठेवायचं, मासा शिरल्याचं हाताला कळलं की वर ओढायचं. कमरेला दोर, तो कातळाला बांधलेला. १८५५ साली त्यांनी सरकारशी तह केला तेव्हा जमीन गेली, पण नेहमीच्या ठिकाणी मासा धरायचा हक्क त्यांनी तहात लिहून घेतला. तो आजही त्यांच्याकडे आहे. याहून फार मोठी त्यांची जागा कोलंबियावर होती, सेलायलोचा धबधबा. हजारो वर्षं तिथं लोक मासे धरत आणि बाजार भरवत. १९५७ च्या मार्चमध्ये नव्या धरणाचं पाणी चढलं आणि तो धबधबा काही तासांत बुडाला. एका माचावरचा वयस्क माणूस जाळं टेकवून बसला होता. जावयांनी माझी ओळख करून दिली. मी हातानं पाग फेकायची क्रिया करून दाखवली, त्यानं मान हलवली आणि आपल्या जाळ्याची विण मला बोटांनी चाचपू दिली. गाठ वेगळी, पण घट्ट आणि नेटकी.

मी तिथं बराच वेळ बसलो. त्यांचा हक्क कागदावर राहिला आणि मासा कमी झाला. आमचा हक्क कधी कागदावर नव्हताच. मासा मेला तेव्हा भोयांनी कुणाकडे दाद मागायची, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वरच्या अंगाच्या एका कारखान्यानं सोडलेल्या पाण्यानं एका रात्रीत नदी पांढरी झाल्याचं मी पोरवयात पाहिलं आहे. पोटं वर करून मासे काठाला लागले होते, त्यांत हातभर लांबीच्या वामी होत्या. वडिलांनी त्या दिवशी पाग घरी आणून खुंटीला अडकवला. त्यानंतर ते नदीवर गेले, पण मन लावून नाही.

दुपारी चारच्या पुढे पश्चिमेच्या कड्याची सावली नदीवर उतरली आणि आम्ही पुन्हा धारेत शिरलो. एका मोठ्या बुडालेल्या धोंड्याच्या खालच्या अंगाला पाणी जरा गुळगुळीत दिसत होतं. माशी त्यावरून फिरत आली आणि दोरी जड झाली. ओढ नाही, धक्का नाही, नुसती जड. माझा हात सवयीनं वर जाणार तोच मागून जावई ओरडले, “बाबा, ओढू नका! त्याला वळू द्या!” मी थांबलो. मासा वळला आणि काठीच्या चाकावरची दोरी किंचाळत सुटली. पलीकडच्या काठाजवळ त्यानं पाण्याबाहेर उडी घेतली. ती दिसली आधी आणि ऐकू आली नंतर. तेवढ्यात दुसरी. मी आयुष्यात मरळीशी झुंजलो आहे, पंधरा-पंधरा किलोच्या कटल्याशी झुंजलो आहे. असं बळ मला ठाऊक नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण शेवटी दोन्ही मनगटं थरथरत होती.

उथळ पाण्यात आणल्यावर मित्रानं त्याला शेपटीच्या मनगटाशी धरलं आणि पाण्याबाहेर न काढता एका कुशीवर केलं. पाठ पोलादी हिरवी, त्यावर बारीक काळे ठिपके. कूस चांदीसारखी, गालावर आणि मधल्या रेषेवर फिकट गुलाबी झाक. पोटाशी कसल्या तरी दातांचे भरून आलेले दोन ओरखडे, सीलचे असावेत असं तो म्हणाला. आणि पाठीवरचा तो लहान पर, अखंड. म्हणजे मासा नदीतच जन्मलेला. असा मासा सोडावा लागतो, हा कायदा. कोलंबियाच्या मधल्या खोऱ्यातला जंगली स्टीलहेड १९९९ पासून सरकारी संरक्षित यादीत आहे.

गळ बोटाच्या एका हालचालीनं निघाला. मग त्यानं मला खाली बसवलं आणि मासा माझ्या हातात दिला. एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, तोंड धारेकडे. कल्ले आधी घाईघाईनं उघडत होते, मग संथ झाले. शेपटीचं मनगट माझ्या मुठीत हळूहळू कडक होत गेलं, एखाद्या पैलवानाच्या दंडात जोर भरावा तसं. मी हात सैल केला तरी तो क्षणभर तिथंच राहिला, मग एका झटक्यानं मला चेहऱ्यापर्यंत भिजवून गेला. मासा छातीशी धरून फोटो काढून घेण्याची हौस तिथंही आहे. मित्रानं विचारलं, मी नको म्हणालो. तेवढा वेळ माशाचा श्वास कोंडतो, हे मासेविक्यापेक्षा जास्त कुणाला कळणार.

रात्री परतताना मी मित्राला विचारलं, एवढं सगळं करून मासा वाढला का? त्यानं लपवाछपवी केली नाही. नाही वाढला. डेशूट्सवरच वरच्या अंगाला १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या धरणांनी माशाची वाट तोडली. ती जोडायला २०१० च्या सुमारास पाण्यात मोठा मनोरा उभारला, त्यावरही वाद चालू आहेत. उबवणी केंद्रातल्या माशांचा जंगली माशांशी संकर होऊन जंगली वाण कमजोर होतो, ही वेगळी तक्रार. पाणी तापतं, समुद्र तापतो. २०२१ साली इतके कमी मासे चढले की डेशूट्सवर स्टीलहेडची शिकारच बंद करावी लागली. पण बंद कधी करायची हे त्यांना कळलं, कारण बॉनव्हिलच्या खिडकीमागे बसलेल्या माणसानं मासे मोजले होते. आकडा कमी पडला की सरकारला हलावं लागतं, हौशी शिकाऱ्यालाही घरी बसावं लागतं. मोजणीनं मासा परत येत नाही, मान्य. पण मोजणी नसेल तर तो गेल्याचंसुद्धा कुणाला कळत नाही. आपल्या नदीचं नेमकं हेच झालं.

आणि आपली नदी काही अशी-तशी नव्हे. कर्नल सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरला. त्यानं इथल्या माशांवर लिहिलं, आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून १८३९ मध्ये दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरातले अभ्यासक हा मासा ओळखतात तो आमच्या मुंढवा-मांजरीकडच्या पाण्यावरून. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. म्हणजे मोजणारे, नोंदणारे लोक आपल्याकडे होते. आज या पट्ट्यात पाग टाकला तर जलपर्णी येते, प्लॅस्टिक येतं आणि आलाच मासा तर चिलापी किंवा मांगूर. मांगूर पाण्यातला प्राणवायू संपला तरी वर येऊन हवा घेतो, म्हणून टिकतो. त्याच्या टिकण्यावरून नदी जिवंत आहे असं कुणी समजू नये.

कुणी म्हणेल, महसीरचं बीज आणून सोडा. बीज करण्यात आपण मागे नाही. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटा पॉवरनं १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली आणि अनेक राज्यांना दिली. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण सोडायचं कुठं? आणि बीज सोडणं सरसकट चांगलं असतं असंही नाही. कावेरीत आपला दख्खनी महसीर नेऊन सोडला, आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला तेव्हा त्याच्या कारणांत अभ्यासकांनी हे बाहेरचं बीजही धरलं. ऑरेगनमध्ये पर कापलेला आणि अखंड पराचा मासा वेगळा का मानतात, ते यावरून समजावं.

आपल्या नदीला आधी दोन गोष्टी हव्यात, वाहतं पाणी आणि त्यात प्राणवायू. पावसाळा सरला की खडकवासल्याचं पाणी कालव्यात जातं आणि मुठेच्या पात्रात शहराचं सांडपाणी उरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार माशांच्या वाढीसाठी लिटरभर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. त्याच मंडळाच्या २०२२ च्या यादीत प्रदूषित नदीपट्टे सर्वांत जास्त महाराष्ट्रात होते, ५५, आणि मुळा, मुठा, मुळा-मुठा त्या यादीत आहेत. काठावर कितीही दगड बसवा, मासा काठावर राहत नाही.

आता आपल्याकडे मागणं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत किती टीएमसी पाणी आलं, हे आपण पावसाळाभर रोज चौकटीत छापता. अख्खं पुणं ती चौकट वाचतं, गाळ्यावर येणारा माणूससुद्धा ‘पानशेत भरलं का’ विचारतो. एकूण २९ टीएमसी हा आकडा शाळकरी पोरालाही पाठ आहे. छापता म्हणून पाठ आहे. तिच्याशेजारी वर्षभर, आठवड्यातून एकदा, आणखी एक लहान चौकट द्या. विठ्ठलवाडी, संगम पूल, बंडगार्डन आणि मुंढवा, या चार ठिकाणी पाण्यात प्राणवायू किती, आणि समोर तो ४ चा आकडा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याची तपासणी करतंच, आकडे मागून मिळतील. दर आठवड्याचे नसतील तर महिन्याचे छापा. शून्याच्या आसपासचा आकडा सलग चार वेळा डोळ्यांसमोर आला की नगरसेवकाला विचारणारे लोक आपोआप निघतील.

दुसरं मागणं महापालिकेकडे, पण आपल्यामार्फत. पालिका दरवर्षी पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल काढते. त्यात नदीतल्या माशांची दरवर्षीची मोजणी असावी. एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात, एकाच प्रकारच्या जाळ्यानं केलेली, म्हणजे या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवता येईल. नदीकाठ प्रकल्पावर होणाऱ्या खर्चात हे काम मीठ-मिरचीच्या पैशांत होईल. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले अशा दोघांनाही ते उपयोगी पडेल, कारण नदी सुधारली की नाही हे तेव्हा भाषणावर अवलंबून राहणार नाही. मोजणी खडकवासल्याच्या वर, मोसे आणि आंबी या नद्यांच्या पाण्यातही व्हावी. तिथं नदीचे मासे अजून आहेत. उद्या खाली पाणी सुधारलं तर ते तिथूनच उतरतील, बाहेरून आणावे लागणार नाहीत.

या कामाला लागणारी जाळी आणि ती टाकणारे हात आमच्याकडे आहेत. मुंढवा, मांजरी, थेऊर या पट्ट्यात पाग टाकता येणारे भोई अजून आहेत. जाळ्यात आलेली जात हातावर घेतल्याबरोबर ओळखणारेही आहेत. पण बहुतेक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची मुलं कंपन्यांत लागली आहेत, म्हणून हे काम पुढच्या पंचवार्षिकावर ढकलता येणार नाही. नोव्हेंबरात पाणी निवळतं, तेव्हा सुरुवात करता येईल. पुण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला यात यायचं असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. माझा पत्ता आपल्याकडे या पत्रासोबत दिला आहे. मासा पकडून, जात आणि लांबी लिहून, जिवंत पुन्हा पाण्यात सोडायचं काम आम्ही करू, त्याची मजुरी मागणार नाही. रविवारी बाजार असतो, तेवढा वार सोडून कधीही बोलवा.

आपला,
गणेश पेठेतला एक मासेविक्रेता
मुंढवा, पुणे